लाउंजमधलं खाणं बाहेर न्यावं का : वादाची पार्श्वभूमी

विमानतळावरच्या लाउंजमध्ये मिळणारं खाणं-पिणं तिथेच बसून संपवायचं, की निघताना एखादी बाटली, एखादं पाकीट सोबत घेतलं तर चालतं, यावर नागपूरकरांचं एकमत नाही. काहींच्या मते ते शोभत नाही. काही म्हणतात, ‘काऊन बे, त्याच्यात काय बिघडलं?’ दोन्हीकडचे लोक हा माणसाच्या स्वभावाचा प्रश्न समजतात. पण खाणाऱ्याच्या ताटाचे पैसे कोण भरतो हे मधल्या काळात पुन्हा पुन्हा बदलत गेलं आणि वागण्याचे नियम मात्र पहिल्या यजमानाच्या वेळचेच राहिले. आजचा घोळ बराचसा त्यातून आला आहे.

लाउंज मुळात आमंत्रितांसाठी होतं. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीने असं पहिलं दालन उघडलं. कंपनीला जवळचे वाटणारे राजकारणी, उद्योगपती, नामवंत यांनाच तिथे बोलावणं जाई. यजमान पाहुण्याला ओळखत होता, त्यामुळे कोणी खिशात काही घालतो का हे पाहायची वेळ येत नसे. काही दशकांनी वर्गणी भरणाऱ्यांना दार उघडलं. १९९२ मध्ये तर तिकीट कुठल्याही कंपनीचं असो, एकाच सदस्यत्वावर वेगवेगळ्या विमानतळांवर आत जाता येईल अशी योजना सुरू झाली. तिथून पुढे आपण नक्की कोणाच्या घरी जेवतो आहोत हे पाहुण्याला सांगता येईनासं झालं.

सोनेगावचा, म्हणजे नागपूरच्या विमानतळाचा, इतिहास याहून निराळा. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र नागपूर होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास इथे जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतायची. टपालाबरोबर प्रवासीही असत. देशाच्या चार टोकांचे लोक अर्ध्या रात्री इथे उतरून एकत्र थांबत. त्या थांब्यावर दारात उभं राहून माणसं निवडणारं कोणी नव्हतं. या विमानतळाचा खरा रुबाब त्याच वर्षांतला, असं माझं मत. नवं टर्मिनल २००८ मध्ये आलं, पण त्या रात्रींची सर त्याला नाही. असो.

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बराच काळ विमानाच्या तिकिटात खाणं धरलेलंच असे. ट्रेमधली साखरेची पुडी, लोणच्याचं पाकीट, गोळ्या घरी यायच्या. पोरं त्यावर तुटून पडायची आणि त्याला चोरी म्हणायचं कोणाच्या मनात येत नसे, कारण तो ट्रे ज्याचं तिकीट त्याचाच होता. २००३ मध्ये देशात पहिली स्वस्त विमानसेवा आली, २००६ मध्ये आणखी एक आली आणि तीच पुढे सगळ्यांत मोठी झाली. तिकीट उतरलं आणि ट्रे गेला. विमानात काही हवं असेल तर विकत घ्या, खाली विमानतळावर घ्यायचं तर चहाचा भाव ऐकून सीताबर्डीचा माणूस दोनदा विचारतो. घरची सांबारवडी किंवा तिखट पुऱ्या सोबत नेण्याला देशांतर्गत विमानात कसलीच आडकाठी नाही, तरी टर्मिनलमध्ये डबा उघडायची लाज वाटणारा एक वर्ग याच काळात तयार झाला. (लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.)

मग कार्डं आली. ‘रुपे’ हे देशी कार्ड-जाळं २०१२ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत साध्या पगारखात्याच्या डेबिट कार्डावरही तिमाहीला एखाद-दोन लाउंज-भेटी मिळू लागल्या. दारावर कार्ड घासायचं, खात्यातून दोन रुपये जायचे आणि आत पोहे, इडली, उपमा, केक, कॉफी, थंड पेयं हवी तेवढी. ‘दोन रुपयांत जेवण’ ही नागपुरात कौतुकाने सांगायची गोष्ट झाली. मोठ्या शहरांत रोख पैसे भरून त्याच दारातून आत जायचं तर हजाराच्या वर पडत होते. ते पैसे कार्डवाल्याच्या वतीने बँक भरायची. बँक आणि लाउंज यांच्या मध्ये एक दलाल कंपनी असायची. लाउंजला पैसे डोक्यामागे ठरलेले मिळत. खाणाऱ्याने एक वाटी उपमा खाल्ला काय, चार ताटं रिचवली काय, बँकेला फरक शून्य. जास्त खाल्लं तर तोशीस लाउंज चालवणाऱ्याला. ‘बँकेचं तर जातंय’ असं म्हणून जो ज्यूसचे चार टेट्रापॅक उचलतो तो बँकेला धडा शिकवत नसतो, एवढं इथेच नोंदवून ठेवतो.

नागपुरातल्या भांडणाचं खरं मूळ मात्र आणखी आत आहे. लाउंजचा नियम डोकी मोजतो : एक कार्ड, एक माणूस, सोबत्याचे वेगळे पैसे. एकट्याने बॅग घेऊन फिरणाऱ्या कंपनीच्या माणसासाठी तो ठीकच आहे. आपल्याकडे कार्ड पगारदाराच्या खिशात आलं, पण प्रवास कुटुंबाचा राहिला. पुण्याला लग्नाला निघालेल्या चौघांत कार्ड एकट्या मुलाकडे. तो आत, आई-बाबा आणि बायको गेटजवळच्या खुर्च्यांवर. आपली माणसं बाहेर बसवून एकट्याने आत पोटभर खाऊन यायचं, याला विदर्भातल्या कुठल्याही घरात चांगली चाल म्हणत नाहीत. म्हणून तो येताना आईसाठी एक सँडविच आणतो. ‘खाणं बाहेर नेऊ नका’ या लाउंजच्या पाटीनुसार ते चुकतं. न आणलं तर घरच्या रीतीने चुकतं. बाहेर बसलेली आईच बरेचदा म्हणते, ‘कायले आणलं रे, कोणी पाहिलं असतं तर?’ आणि खातेही. शिष्टाचारावर लिहिणारे बहुतेक जण या प्रसंगाकडे पाहत नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर कायम पिशवी भरून नेणारा एक हावरट असतो. तसे लोक आहेतच, पण वाद त्यांच्यामुळे होत नाही. त्यांच्याबद्दल दोन्ही बाजूंचं मत एकच आहे.

या परिस्थितीत २०२३ च्या शेवटी आणि २०२४ मध्ये बँकांनी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते लाउंजमधल्या वागण्यावर इतका परिणाम दुसऱ्या कशाचाच झाला नसेल. गर्दी हाताबाहेर गेली होती, लाउंजच्या दाराशी रांगा लागत होत्या, आणि बँकांचं बिल फुगलं होतं. एका मोठ्या खासगी बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून एका कार्डावर अट घातली : तिमाहीत एक लाख रुपये खर्च करा, तरच लाउंज. दुसरीने १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या तिमाहीतल्या ३५,००० रुपयांच्या खर्चाची अट लावली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती ७५,००० वर नेली. तिसरीने २०२४ च्याच मे महिन्यापासून ५०,००० ठरवले.

हे आकडे हवेतून आलेले नसावेत. कार्डावर खर्च झाला की दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या रकमेतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. तो शेकडा दीड-दोन धरला तर ३५,००० वर पाचशे-सातशे रुपये होतात आणि ७५,००० वर अकराशे ते पंधराशे. एका लाउंज-भेटीचा खर्च ज्या घरात जातो, त्याच्या आसपासचीच ही रक्कम. म्हणजे भेटीचे पैसे आधी कार्डवाल्याच्या खर्चातून कमवायचे आणि मग त्याला आत सोडायचं. बँकेच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही नाही. दिवसाढवळ्या तोट्यात कोण धंदा करेल?

पण आत जाणाऱ्याचं मन त्या दिवशी बदललं. आधी तो दोन रुपयांत मिळालेल्या नशिबावर खूश होता, थोडा बावरलेलाही होता. आता तो हिशेब करून येतो. तीन महिने किराणा, पेट्रोल, मुलांची फी सगळं एकाच कार्डावर घासून त्याने ही भेट मिळवलेली असते. त्याच्या लेखी हे फुकट राहिलेलं नाही आणि तसं ते नसतंही. ‘पैसा वसूल’ हा शब्द लाउंजच्या रांगेत तेव्हापासून जास्त ऐकू येतो. अट गर्दी कमी करायला आणली होती. गर्दी किती हटली ते विमानतळागणिक वेगळं, पण जे आत उरले ते आपला हक्क समजून बसले. पाण्याची बाटली उचलणाऱ्याला टोकणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘पाऊण लाख खर्च केलेत भाऊ’ असं उत्तर मिळतं, तेव्हा त्या कर्मचाऱ्याला त्या पाऊण लाखातला छदामही मिळालेला नसतो. बँकेने ठरवलेल्या अटीचा राग तो बिचारा सोसतो. या निर्णयावर टीका करायची असेल तर माझी टीका ही आहे. आकडे किती ठेवले हा त्यांचा प्रश्न.

हक्क कुठपर्यंत ताणता येतो, याचा एक निकाल जर्मनीत लागलेला आहे. तिथे एकाने तारीख बदलता येणारं महागडं तिकीट काढलं, म्युनिकच्या लाउंजमध्ये जाऊन खायचं-प्यायचं आणि उड्डाण पुढे ढकलायचं, असं त्याने ३६ वेळा केलं. विमान कंपनी कोर्टात गेली. २०१४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्याला १,९८० युरो भरायला सांगितले, म्हणजे भेटीमागे ५५. लाउंजची सोय प्रवास करणाऱ्यासाठी आहे, ती प्रवासाशिवाय वापरता येत नाही, असा त्यामागचा विचार. त्याच वर्षाच्या सुरुवातीला चीनमधल्या शिआन विमानतळावरून अशीच बातमी आली होती : तिकीट पहिल्या वर्गाचं, तारीख वर्षभरात सुमारे तीनशे वेळा पुढे ढकललेली, रोज फुकट जेवण आणि शेवटी तिकीट रद्द करून पैसेही परत. ही दोन्ही उदाहरणं आपल्याकडच्या चर्चेत हमखास निघतात, पण सँडविचच्या प्रश्नाला ती लागू पडत नाहीत. ते दोघे उडतच नव्हते. आपला माणूस तासाभराने विमानात बसणार असतो, आणि त्याची आईसुद्धा.

आपल्याकडे या बाबतीत कायदा आड येतो असंही फारसं नाही. लाउंज सुरक्षा तपासणीच्या आत असतं, त्यामुळे तिथून निघालेली वस्तू पुन्हा तपासली जात नाही. देशांतर्गत विमानात पाणी, फळं, फराळ नेता येतो. अपवाद मद्याचा. देशांतर्गत उड्डाणात ते मिळत नाही आणि स्वतःचं पिणंही चालत नाही, म्हणून लाउंजमधला बिअरचा कॅन बॅगेत टाकून वर उघडणारा थेट विमानातल्या शिस्तीच्या नियमांत सापडतो. बाकी सगळं लाउंजच्या भिंतीवरच्या पाटीवर सोपवलेलं आहे.

त्या पाटीचं वजन करोनाच्या काळात आणखी कमी झालं. २५ मे २०२० ला देशांतर्गत उड्डाणं पुन्हा सुरू झाली तेव्हा विमानात खाणं द्यायला मनाई होती. ऑगस्टअखेर बंद पाकिटातल्या खाण्याला परवानगी मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये दोन तासांच्या आतल्या उड्डाणांवर ती पुन्हा काढून घेतली गेली आणि नोव्हेंबरात परत दिली. नागपूर-मुंबई या दोन तासांच्या आतलंच. त्या दिवसांत अनेक लाउंजमध्येही बुफे झाकला गेला आणि खाणं बंद डब्यातून हातात मिळू लागलं. डबा हातात दिला की तो कुठे बसून खायचा हे घेणाराच ठरवणार. ती सवय मास्क गेल्यावरही उरली.

लाउंज चालवणाऱ्यांनी पाटी मोठी करण्याऐवजी मांडणी बदलली. थंड पेयांचे कॅन फ्रीजमधून काउंटरमागे गेले, पेय ग्लासात ओतून मिळू लागलं, बिस्किटांची पाकिटं जाऊन बरणीतली सुटी बिस्किटं आली, पाण्याच्या बाटल्यांच्या जागी यंत्र आलं. सुटं खाणं माणूस सहसा बॅगेत टाकत नाही. बाटली दिसली की मात्र हात जातो, माझाही जातो, आणि पाण्याच्या बाबतीत मला त्याचं काही वाटत नाही. गरम भाजी डब्यात भरून नेणाऱ्याला मात्र मी ‘शोभत नाही’वाल्यांच्या सुरात सूर मिळवून नावं ठेवतो.

पुढचा काळ बँका आणि दलाल यांच्या भांडणाचा. २२ सप्टेंबर २०२४ ला अनेक विमानतळांवर ही कार्डं अचानक दारातच नाकारली गेली आणि लोक रिकाम्या पोटी विमानात चढले. ज्या कंपनीमार्फत देशातल्या बहुतेक कार्डधारकांना लाउंज मिळत असे, ती २०२२ मध्ये शेअर बाजारात आली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने देशांतर्गत लाउंजची सेवाच बंद केली. विमानतळ चालवणारे आता बँकांशी थेट करार करतात. बऱ्याच कार्डांवर आधी ॲपमधून क्यूआर कोड काढावा लागतो, आणि मागच्या तिमाहीचा खर्च पुरेसा नसेल तर तो कोड निघतच नाही.

याच सुमारास विमानतळावरच्या महागाईवर सरकारने एक उपाय काढला. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर स्वस्त दरांचं उपाहारगृह सुरू झालं : चहा १० रुपये, पाण्याची बाटली १० रुपये, समोसा २० रुपये. त्यानंतर चेन्नईतही तसंच सुरू झालं. तिथे कार्ड विचारत नाहीत, आणि चौघांसाठी घेतलेला समोसा कुठे बसून खायचा याची पाटीही नाही.