रेवदंडा ते कोर्लई : खाडीच्या दोन्ही तीरांवरील एक दिवसाची पदभ्रमंती
(सहभागी होणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे 17 किलोमीटरवर कुंडलिका नदी अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी उत्तरेला रेवदंड्याचा कोट आणि दक्षिणेला कोर्लईचा डोंगरी किल्ला एकमेकांसमोर उभे आहेत. बहुतेक पर्यटक यांपैकी एकच किल्ला पाहून परततात. आमच्या मते मात्र एकाचा अर्थ दुसऱ्यावाचून पुरता लागत नाही, आणि म्हणूनच हे दोन्ही किल्ले आम्ही एकाच दिवसात, आधी रेवदंडा व मग कोर्लई या क्रमाने दाखवतो.

दिवसाची आखणी भरती-ओहोटीवरून केली जाते. किनाऱ्यावरील जुना ठोकताळा असा की, तिथीला तिनाने गुणून चाराने भागले म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अंदाजे निघते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. या हिशेबाने द्वितीया ते पंचमी या तिथींना सकाळी पावणेआठ ते दहाच्या दरम्यान पाणी सर्वांत मागे असते व चालण्यासाठी ओली, घट्ट वाळू मिळते. म्हणून आमच्या तारखा प्रत्येक शनिवार-रविवारी नसतात, याबद्दल होणारी विचारणा आम्ही समजू शकतो. अंतिम वेळ मात्र ठोकताळ्यावरून नव्हे, तर छापील भरती-ओहोटी तक्त्यावरून निश्चित केली जाते.

पहिला टप्पा रेवदंड्याच्या तटाबाहेरील काळसर वाळूचा आहे. एका बाजूला समुद्र व दुसऱ्या बाजूला सुरूची झाडे आणि तट ठेवून आपण खाडीच्या मुखाकडे जातो. पोर्तुगीजांनी 1516 मध्ये येथे वखार घातली आणि पुढील काही वर्षांत कोट बांधला. त्यांच्या कागदपत्रांतील चौल ते हेच, तर त्याहून पुष्कळ जुने चौल बंदर आतल्या बाजूस होते. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात चौललाच उतरला होता, आणि त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. कोटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या असून त्यांतून फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. लोक त्याला सातखणी म्हणतात, परंतु आज त्याचे चारच मजले शिल्लक आहेत. तटात भुयारे आहेत. त्यांत कोणीही शिरू नये.

खाडीच्या मुखाशी आपण मुद्दाम थांबतो. मार्च 1508 मध्ये याच बंदरात इजिप्तच्या मामलुक सुलतानाच्या व गुजरातच्या एकत्रित आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मैदा मारला गेला. पुढे 1594 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने समोरच्या डोंगरावर तटबंदी उभारण्यास सुरुवात केली, तेव्हा रेवदंड्याकडे जाणारे प्रत्येक जहाज तिच्या तोफांच्या टप्प्यात येणार हे उघड होते. पोर्तुगीजांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हल्ला करून तो डोंगर घेतला. हे सारे वाळूवर उभे राहून, दोन्ही तीर एका नजरेत घेत ऐकले की नकाशाची गरज उरत नाही.

साळाव पुलावर वाहनांची वर्दळ असल्यामुळे पूल आणि पुढचा रस्ता आपण गाडीने ओलांडतो. कोर्लई गावापासून पुन्हा पायी चालायचे आहे. गावातील ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीजांपासून घडलेली स्वतःची बोली आजही घरात बोलते, जरी पोर्तुगीज सत्ता येथून 1740 मध्येच गेली. ही बोली ऐकण्याची उत्सुकता स्वाभाविक असली, तरी रस्त्यात कोणाला थांबवून ती बोलून दाखवण्याचा आग्रह धरू नये, अशी आमची विनंती आहे. वाळत घातलेली मासळी व जाळी ओलांडू नयेत.

दीपगृहाच्या मागून दगडी पायऱ्या किल्ल्यावर जातात. सावकाश चढल्यास अर्धा तास पुरतो. किल्ला डोंगराच्या धारेवर लांबच लांब आणि अरुंद असून एकामागून एक दरवाजे लागतात. वर पडके चर्च, महादेवाचे मंदिर, पाण्याचे टाके आणि तोफा आहेत. चिमाजी अप्पांच्या काळात सुभानराव माणकर यांनी या किल्ल्याला वेढा घातला होता. किल्ला मराठ्यांकडे आल्यावर संतांच्या नावांचे बुरूज नव्या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि सान फ्रान्सिस्को हा गणेश बुरूज झाला. समुद्राकडील टोकावरून रेवदंड्याचा सकाळी चाललेला संपूर्ण किनारा दिसतो. या टोकाला सर्वाधिक वेळ राखून ठेवलेला आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होत असल्याने आम्ही ही भ्रमंती बंद ठेवतो. प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट आणावेत. चपला घालून आलेल्यांना चढाईस नेले जाणार नाही. टाक्यातील पाणी पिऊ नये. गुडघ्यांचा त्रास किंवा चक्कर येत असल्यास नोंदणीच्या वेळीच कळवावे. अशा व्यक्तींना रेवदंड्याचा टप्पा पूर्ण करून कोर्लईच्या पायथ्याशी थांबता येईल. दोन्ही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्याने दगड हलवणे, नावे कोरणे किंवा चूल पेटवणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो. समुद्र खवळलेला असल्यास वाळूचा टप्पा वगळून कोटाच्या आतील वाटेने जाण्याचा निर्णय वाटाड्या त्याच सकाळी घेईल, आणि तो सर्वांवर बंधनकारक राहील.