पदवीनंतर स्वतःचा व्यवसाय: हा विचार मनात येतो कसा?

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये मायल्स मेस यांनी १९४७ साली नवा उद्योग उभारण्यावर एक अभ्यासक्रम सुरू केला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले तरुण तेव्हा वर्गात होते. उद्योजकता विद्यापीठात शिकवता येते, ही कल्पना रुजायला साधारण तिथून सुरुवात झाली. पण विद्यार्थ्याला धंदा करावासा मुळात का वाटतो, या प्रश्नाकडे अभ्यासक बरेच उशिरा वळले.

आधी कित्येक वर्षं शोध चालला तो स्वभावाचा. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६१ मध्ये काहीतरी करून दाखवण्याच्या आसेवर भर दिला. उद्योजकाला जोखमीची हौस असते, असंही मानलं जाई. रॉबर्ट ब्रॉकहाउस यांनी १९८० मध्ये ते तपासलं, तर जोखीम घेण्याच्या वृत्तीत उद्योजक आणि व्यवस्थापक यांच्यात फरक आढळला नाही. जन्मजात उद्योजकाची कल्पना अजूनही सर्रास ऐकू येते, म्हणून हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो.

अल्बर्ट शपेरो आणि लिसा सोकोल यांनी १९८२ मध्ये वेगळा विचार मांडला. माणूस सवयीने चालत राहतो. घडी विस्कटली की नव्या वाटा दिसतात. नोकरी जाणं, स्थलांतर, लष्करातून बाहेर पडणं आणि शिक्षण संपणंही त्यात आलं. अशा वेळी ती वाट हवीशी वाटते का आणि आपल्याला जमेलसं वाटतं का, यावर पुढचं ठरतं. १९९१ मध्ये आइझेक एझेन यांनी मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतात, म्हणजे माणसाचा काही करण्याचा इरादा कशातून घडतो हे सांगणाऱ्या मांडणीत, याच्याशी जुळणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि तिसरी आहे जवळच्या माणसांचं मत.

ही तिसरी बाजू सगळ्यात गुंतागुंतीची. नॉरिस क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दोन्ही सिद्धांत विद्यार्थ्यांवर पडताळले, तेव्हा तिचा प्रभाव दिसलाच नाही. फ्रान्सिस्को लिन्यान आणि यी-वेन चेन यांनी २००९ मध्ये स्पेन आणि तैवानमधल्या लोकांना ‘उद्योजक होण्यासाठी माझी काहीही करायची तयारी आहे’ अशी विधानं देऊन ती किती पटतात याची सात पायऱ्यांच्या मापावर उत्तरं घेतली. घरच्यांच्या आणि मित्रांच्या मताचा थेट परिणाम तिथेही सापडला नाही. पण धंदा हवासा वाटणं आणि तो जमेल हा भरवसा, या दोन्हींवर त्या मताची छाप होती. म्हणजे घरच्यांचा शब्द लागतो, फक्त आडवाटेने.

मग शिकवून धंदा करण्याचा इरादा वाढतो का? नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी छोटी कंपनी चालवून पाहिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इरादा उलट घटला. कार्यक्रम फसला, असं त्यावरून म्हणता येईल. मला तसं वाटत नाही. प्रत्यक्ष काम पाहून आपला पिंड ओळखता आला, तर विद्यार्थ्याचं त्यात भलंच आहे. खरी उणीव पुढे आहे: बहुतेक पाहण्या इरादा विचारून थांबतात. त्यातल्या कोणी पुढे व्यवसाय उभा केला, हे कळायला त्याच मुलांकडे काही वर्षांनी पुन्हा जावं लागतं आणि असे अभ्यास फार थोडे झाले आहेत.