बारा वाजले, पण कोणते?

दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस गेली कित्येक वर्षं ००:०५ ला सुटते. गणपतीला गावी निघणाऱ्या मंडळींचा या गाडीवरून हमखास घोळ होतो. 'शुक्रवारी रात्री निघायचं' असं घरात ठरतं, कोणीतरी तत्परतेने शुक्रवारचं तिकीट काढतं आणि शुक्रवारी रात्री साडेअकराला पिशव्या, मखराचं सामान, कंटाळलेली पोरं असं सगळं लटांबर फलाटावर हजर होतं. गाडीही वेळेवर लागते. फक्त आपल्या जागेवर दुसरंच कुटुंब पाय पसरून बसलेलं असतं. आपली गाडी शुक्रवार लागून पाच मिनिटं झाल्यावरच निघून गेलेली असते, म्हणजे आपण ज्याला गुरुवारची रात्र म्हणतो तेव्हा.

यात रेल्वे चुकलेली नसते. तिचा दिवस मध्यरात्री उजाडतो, आपला झोपून उठल्यावर. वेळ तीच, मोजायला सुरुवात केल्याची जागा वेगळी. घड्याळाच्या वेळेचे जेवढे म्हणून गोंधळ आहेत त्यांच्या मुळाशी दोनच प्रश्न सापडतात: मोजणी कुठून सुरू केली आणि हातचा कितीला घेतला? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कुठलीही वेळ कुठल्याही पद्धतीत बदलून घेता येते. उत्तरं गृहीत धरली की फलाटावर उभं राहावं लागतं.

बारा तासांच्या घड्याळापासून सुरुवात करू, कारण सर्वांत विचित्र तेच आहे. अकरानंतर बारा येतात आणि बारानंतर एक. इथे बारा हा आकडा खरं म्हणजे शून्याच्या खुर्चीवर बसलेला आहे. १२:२० म्हणजे नवीन फेरी सुरू होऊन शून्य तास, वीस मिनिटं. बाराला शून्य म्हणून वाचलं की एएम-पीएमचं कोडंही सुटतं. या अक्षरांचा अर्थ मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर एवढाच. दुपारी १२ वाजून १ मिनिटाने मध्यान्ह उलटलेली असते, म्हणून ते पीएम. मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने पुढची मध्यान्ह यायची असते, म्हणून ते एएम. ठोक्याला बारा वाजता मात्र दोन्ही शब्द तर्काला धरून नाहीत. डिजिटल घड्याळाला काहीतरी दाखवणं भाग असतं, म्हणून दुपारचे बारा पीएम आणि रात्रीचे बारा एएम असा संकेत रूढ झाला. ऑनलाइन अर्जांची मुदत 'रात्री ११:५९ पर्यंत' अशी देतात ती याचसाठी. 'सोमवारी रात्री बारापर्यंत' म्हटलं की सोमवार सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर भांडायला वाव राहतो. चोवीस तासांच्या पद्धतीत निदान ही सोय आहे: ३१ तारखेचे २४:०० आणि १ तारखेचे ००:०० हा एकच क्षण, आणि कुठून बघताय ते आकड्यातच दिसतं.

चोवीसचे बारा करताना बारा वजा करायचे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण सतरा वजा बारा करताना बऱ्याच जणांची जीभ क्षणभर अडखळते. सोपी युक्ती अशी की शेवटच्या आकड्यातून दोन काढा. १७ चे पाच, १९ चे सात. २० आणि २१ ला शेवटचे ० आणि १ हे दहा आणि अकरा समजा, म्हणजे आठ आणि नऊ येतात. २२ आणि २३ चे दहा आणि अकरा तोंडपाठच असतात.

बोलताना आपण चोवीस तासांचं घड्याळ वापरतच नाही. 'साडेएकोणीस वाजता ये' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण मुंबईत एक गंमत आहे. एकच माणूस मित्राला भेटायला 'सव्वानऊला' बोलावतो आणि स्वतः मात्र 'नऊ सत्तावीसची फास्ट' पकडतो. सव्वा, साडे, पावणे ही चतुर्थांशांची पद्धत आहे. सव्वानऊ म्हणजे नऊ अधिक पाव, पावणेदहा म्हणजे दहा उणे पाव. म्हणजे कधी मागच्या तासापासून पुढे मोजायचं, कधी पुढच्या तासापासून मागे. एकच्या आसपास तर तासाचा आकडाच गळून पडतो: पाऊण वाजला म्हणजे १२:४५, सव्वा वाजला म्हणजे १:१५. या पद्धतीची अचूकता पंधरा मिनिटांची, आणि माणसांना भेटायला ती पुरते. लोकलला पुरत नाही, कारण तेवढ्या वेळात तीन-चार गाड्या निघून जातात. म्हणून गाडीसाठी सुटे आकडे.

याच सुट्या आकड्यांमध्ये एक टिंब लपलेलं असतं आणि ते भलतंच खोडकर आहे. आपण वेळ ८.३० अशी लिहितो. गणिताच्या वहीतही ८.३० असतं. दोन्ही टिंबं दिसायला सारखी, पण एकाच्या पलीकडे साठांश आणि दुसऱ्याच्या पलीकडे शतांश. समजा सोसायटीच्या वॉचमनने एका आठवड्यात तीन जादा पाळ्या केल्या: ७.४५, ८.५० आणि ९.२० तास. सेक्रेटरींनी कॅल्क्युलेटर काढून बेरीज केली तर उत्तर येईल २५.१५. आता हातचा साठला घेऊन पाहा. मिनिटं ४५ अधिक ५० अधिक २० म्हणजे ११५, त्याचा एक तास आणि ५५ मिनिटं. तास ७ अधिक ८ अधिक ९ म्हणजे २४, हातचा एक धरून २५. खरी बेरीज २५ तास ५५ मिनिटं. चाळीस मिनिटं वाऱ्यावर गेली! पुढे पैसे काढताना आणखी एक पायरी लागते. ५५ मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे ०.९२ तास, आणि मग २५.९२ ला दराने गुणायचं. तासाला ८० रुपये धरले तर कॅल्क्युलेटरच्या आकड्याने वॉचमनला २०१२ रुपये मिळतील, खऱ्या हिशेबाने सुमारे २०७३. एकसष्ट रुपये एका टिंबाने खाल्ले. म्हणून वेळ लिहिताना टिंबाऐवजी विसर्गासारखे दोन ठिपके द्यावेत या मताचा मी आहे.

हेच काम एक्सेलवर केलं तर वेगळीच फजिती होते. एक्सेल वेळ साठवतं ती दिवसाचा अपूर्णांक म्हणून. दुपारचे बारा म्हणजे ०.५, संध्याकाळचे सहा म्हणजे ०.७५. तिथे ७:४५, ८:५० आणि ९:२० यांची बेरीज नेहमीच्या स्वरूपात १:५५ अशी दिसते. चोवीस तास भरले, एक पूर्ण दिवस झाला आणि तो दिवस डोळ्यांआड गेला. हिशेब बरोबर असतो, दाखवणं अपुरं. तासांभोवती चौकोनी कंस घातलेलं स्वरूप निवडलं की २५:५५ प्रकट होतात.

साठचा हातचा बॅबिलोनी लोकांकडून आला. तो काढून टाकायचा प्रयत्न फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये करून पाहिला. दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं, मिनिटाचे शंभर सेकंद. १७९५ मध्ये ते गुंडाळावं लागलं.

आपल्याकडचं घटी-पळांचं मोजमाप साठच्या बाबतीत घड्याळापेक्षा जास्त शिस्तीचं आहे. दिवसाच्या ६० घटी, घटीची ६० पळे, पळाची ६० विपळे. सगळीकडे साठच, चोवीस आणि बाराची भानगड नाही. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. अडीच घटींचा तास. पण मोजणी सुरू होते सूर्योदयापासून, आणि बदल करताना लोक अडतात ते इथेच. जुन्या पत्रिकेत 'इष्टघटी (सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा वेळ) १७, पळे ३०' असं दिसलं तर साडेसतराला २४ ने गुणायचं: ४२० मिनिटं, बरोबर सात तास. हे घड्याळातले सात नव्हेत. त्या दिवशी मुंबईत सूर्य ६:३० ला उगवला असेल तर जन्म दुपारी दीडचा. मुंबईतला सूर्योदय मे महिन्याच्या अखेरीस सहाच्या सुमारास आणि जानेवारीत सव्वासातच्या आसपास असतो, त्यामुळे त्याच सतरा घटी तीस पळांना एकदा एक वाजतो आणि एकदा सव्वादोन.

दिवस सूर्योदयाला बदलत असल्यामुळे सोमवारी रात्री झोपल्यावर, घड्याळात मंगळवारचा दीड वाजला तरी पंचांगात सोमवारच असतो. यावर काही पंचांगकारांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. ते २५:३० असंच छापतात. सोमवार अजून संपलेला नाही, त्याचे साडेपंचवीस तास झालेत. जपानमध्येही रात्री उशिराच्या टीव्ही कार्यक्रमांची वेळ '२५ वाजता' अशी देतात. तुतारीच्या तिकिटावर 'गुरुवार, २४:०५' असं छापलं असतं तर कितीतरी घरांतली भांडणं वाचली असती, पण रेल्वेला हे कोण सांगणार?

आता मोजणी सुरू करण्याच्या जागेचा सर्वांत मुंबईकर नमुना. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, अंशाला चार मिनिटं. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेला सुमारे ७२.८ अंशांवर आहे. चारने गुणलं की २९१ मिनिटं, म्हणजे ४ तास ५१ मिनिटं. ही झाली 'मुंबई वेळ'. एकोणिसाव्या शतकात शहर याच वेळेवर चालायचं. राजाबाई टॉवर उभा राहिला तोही याच काळात, १८७८ मध्ये. कोलकात्याची वेळ ग्रिनिचच्या सुमारे ५ तास ५३ मिनिटं पुढे. तिथे दुपारचे बारा वाजायचे तेव्हा मुंबईत वाजलेले असायचे दहा अठ्ठावन्न. रेल्वे मद्रासच्या वेळेने धावायची, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे बोरीबंदरला गाडी पकडायला निघालेला माणूस घरच्या घड्याळात तीस मिनिटं मिळवूनच पायऱ्या उतरायचा.

१ जानेवारी १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची वेळ सगळ्या देशाची प्रमाणवेळ ठरली. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटं, साडेपाच तास. मुंबईचं घड्याळ एका फटक्यात ३९ मिनिटं पुढे जाणार होतं. गिरणी कामगारांनी विरोध केला, महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी हा प्रश्न लावून धरला. कामगाराच्या बाजूने पाहिलं तर मुद्दा अगदी साधा होता. पाळी 'सहालाच' सुरू होणार, पण तो सहा सूर्याच्या हिशेबाने पाच एकवीसचा. मुंबई वेळ त्यानंतरही हट्टाने टिकून राहिली, थेट १९५० च्या दशकापर्यंत. तोवर शहरातल्या माणसाला 'स्टँडर्ड की मुंबई?' असं विचारल्याशिवाय वेळ ठरवता येत नसे. त्यातच दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे केलेली होती. त्या तीन वर्षांत फरक ९९ मिनिटांचा! मनातल्या मनात एवढी आकडेमोड करणाऱ्या पिढीला मी हात जोडतो.

ती ३९ मिनिटं अजूनही कुठे गेलेली नाहीत. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२:३९ ला. वर्षभर तो थोडा पुढेमागे होतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ च्या आसपास. मेच्या मध्याला शून्य सावलीच्या दिवशी गच्चीवर उभी बाटली ठेवून सावली पाहायची असेल तर बाराला जाऊन उपयोग नाही. १२:३५ ला जा.

जगाशी जमवून घ्यायचं तर जागतिक वेळेत, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत, साडेपाच तास मिळवायचे. इथे पंचांगकारांची युक्ती कामाला येते. जागतिक वेळ २१:४५ असेल तर ५:३० मिळवून आधी २६:७५ लिहा. मिनिटांतला साठचा हातचा द्या, २७:१५. आता चोवीस काढा आणि तारीख एकने वाढवा: दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वातीन. बहुतेक चुका तास-मिनिटांत होत नाहीत, त्या तारखेत होतात. २७:१५ हा मधला टप्पा कागदावर उमटला की तारीख विसरता येत नाही.

पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत' असं ऐकू येतं, त्या साडेआठचं रहस्यही हेच. जगभरातल्या वेधशाळा दर तीन तासांनी, ००, ०३, ०६ अशा जागतिक वेळांना नोंदी घेतात. त्यातले ०३:०० म्हणजे आपले ८:३०. पावसाचा दिवस तिथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आपण २६ तारखेच्या नावाने लक्षात ठेवलाय, पण ज्या २४ तासांचा तो आकडा आहे ते २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपतात. त्याच काळात कुलाब्याला शंभर मिलिमीटरही भरला नव्हता, पण तो विषय वेगळा.

संगणकांनी तर तास, मिनिटं, दिवस हे सगळंच बाजूला ठेवलं. त्यांच्यापैकी बहुतेक १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून नुसते सेकंद मोजत बसतात, दिवसाला ८६,४०० या हिशेबाने. तेव्हा एखाद्या फाइलवर किंवा फोटोवर '१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०' अशी तारीख दिसली तर घाबरू नका. त्या पहाटे कोणी फोटो काढलेला नाही. यंत्राला वेळ मिळाली नाही, त्याने शून्य लिहिलं, आणि तुमच्या फोनने इमानेइतबारे त्यात साडेपाच तास मिळवले.