रहाडीतला पहिला धप्पा आणि दंगलीतला पहिला दगड

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या हौदाच्या, काठावर उभं राहून पाहा. पूजा झालेली असते, पाणी रंगलेलं असतं, काठावर पोरांची दाटी असते. तरी क्षणभर कुणीच पुढे होत नाही. मग एक जण धप्पा मारतो, म्हणजे धपकन आत उडी घेतो. मागोमाग त्याचे दोन मित्र. मग पाच, मग वीस. शेवटी ‘मी नुसतं बघायला येतो’ म्हणून घरून निघालेला पाहुणाही इस्त्रीच्या शर्टासकट आत असतो.

रहाड हा निखळ आनंद आहे, दंगल म्हणजे होरपळ. पण माणसं एकामागून एक कशी ओढली जातात, त्याचं गणित दोन्हीकडे एकच आहे.

दंगलीची बातमी आली की आपण म्हणतो, ‘जमावाला डोकं नसतं.’ गर्दीत माणूस भान हरवतो, हे फ्रान्सच्या गुस्ताव ल बाँने 1895 मध्ये मांडलं आणि ते अजून आपल्या तोंडी आहे. पण मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला, तेव्हा जाळले ते प्रामुख्याने कर्जरोखे आणि खतपत्रं. सावकारांच्या जिवावर हल्ले फारच थोडे झाले. कुठला कागद आपल्याला बुडवतोय, हे त्या जमावाला पक्कं ठाऊक होतं.

धान्यटंचाईची दंगल, धार्मिक दंगल, जातीय दंगल, पोलिसांविरुद्धचा उद्रेक, सामन्यानंतरचा राडा असे प्रकार सांगता येतात. कायद्याला पाच माणसं पुरतात: बेकायदा जमावातल्या कुणीही त्या जमावाच्या उद्देशासाठी बळ वापरलं की तो दंगा. कारणंही ओळखीची: जुनं वैर, बेकारी, निवडणुकीचं राजकारण, अफवा. पण ही कारणं वर्षानुवर्षं तशीच असतात. मग दंगल मंगळवारीच का होते, सोमवारी का नाही?

इथे मला अतिशय आवडणारं उत्तर अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1978 मध्ये दिलं. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो: आधी किती जणांनी दगड उचलला तर मी उचलेन? चौकात 100 माणसं आहेत असं समजा. एकाचा उंबरठा 0, म्हणजे तो कुणाची वाट पाहत नाही. दुसऱ्याचा 1, तिसऱ्याचा 2, असं करत शेवटच्याचा 99. पहिल्याने दगड मारला की 1 वाला सरसावतो, दोघांना पाहून 2 वाला, आणि बघता बघता शंभरही जण दंगलीत. आता फक्त 1 वाल्याच्या जागी आणखी एक 2 वाला आणा. पहिला काच फोडतो, दुसरं कुणीच हलत नाही, विषय संपला. दोन्ही चौकांतली 99 माणसं अगदी सारखी. पण एका ठिकाणी आपण म्हणू ‘वस्तीच वाईट’, दुसऱ्या ठिकाणी ‘एक माथेफिरू’.

पुढचं थोडं अवघड आहे, पण सोडवत नाही. समजा, उंबरठ्यांची सरासरी 25 आहे आणि ते घंटेच्या आकाराच्या आलेखात पसरलेत. पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, हळूहळू वाढवत नेला तर दंगलीत उतरणारे सहाच्या आसपास जाऊन थांबतात. विचलन 12.2 च्या जरासं पुढे गेलं की हा आकडा एकदम शंभराजवळ उडी घेतो. सरासरी माणूस तोच, राग तेवढाच, तरी निकाल उलटा! म्हणून ‘लोक किती चिडलेत’ एवढं मोजून दंगलीचं भाकीत होत नाही. वार्षिक भविष्यात ‘दंगलीचे योग’ छापणाऱ्यांनी तर हे वाचावंच. मंगळ कुठल्याही घरात असो, गणित चौकातल्या माणसांचं असतं.

उंबरठा दगडात कोरलेला नसतो. अंधार, तोंडावरचा रुमाल, शेजारी जिवलग मित्र असला की तो खाली येतो. अफवा तर तो पार जमिनीला टेकवते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती निरपराध माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घालायचं जाहीर केलं.

उंबरठा वरही नेता येतो. 1970 आणि 1984 च्या दंगलींत भिवंडी जळाली होती. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांचे शेजारी आणि हवालदार एरवीच्या दिवसांतही एकत्र बसू लागले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे शांतता समितीची बैठक बहुधा सण तोंडावर आला की होते. ती श्रावणाआधी, कुठलीच मिरवणूक नसताना, नाशकातल्या भद्रकाली-पंचवटीच्या एखाद्या ओट्यावर चहा घेत झाली, तर अफवा आली त्या रात्री विचारायला ओळखीचा एक नंबर तरी हाताशी असेल.