पान्हा, पहिला तास आणि कोरोनाची धास्ती

बाळ जन्मल्यावर तासाभरात छातीला लावायचं, हा नियम आपल्याकडे फार जुना नाही. सातारा-सांगलीच्या गावांत पूर्वी दोन-तीन दिवस मध, गुळाचं पाणी नाहीतर घुटी चालायची आणि आईचा चीक पिळून टाकला जायचा. म्हशीच्या चिकाचा खरवस मात्र शेजारीपाजारी वाटला जाई! १९९१ ची बाळस्नेही रुग्णालय मोहीम, डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना वेसण घालणारा १९९२ चा कायदा, स्तनपान वाढवण्यासाठीचा २०१६ चा सरकारी ‘मा’ कार्यक्रम, अशा टप्प्यांनी हा नियम प्रसूतिगृहाच्या भिंतीवर पोचला. तिथून खाली उतरायला तो तयार नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ला देशातल्या ४१.६ टक्के बाळांना पहिल्या तासात दूध मिळत होतं, २०१९-२१ ला ४१.८ टक्के.

त्यातच मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण भराभर वाढले आणि जिल्हाबंदी आली. जावळी-पाटणची मुंबईला दिलेली लेक बाळंतपणाला माहेरी यायची तर पास हवा, वर १४ दिवस विलगीकरण. दवाखान्यात सोबतीला एकच बाई, कधी तीही नाही. पहिलटकरणीला बाळ कसं धरायचं हे दाखवणारा हातच गेला.

सल्लेही उलटसुलट होते. चीनमधल्या सुरुवातीच्या शिफारशीत बाधित आईपासून बाळ १४ दिवस दूर ठेवायला सांगितलं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही आधी वेगळं ठेवा म्हटलं, जुलैत भूमिका बदलली. जागतिक आरोग्य संघटना मात्र आई-बाळ एकत्रच ठेवा म्हणत होती. तिच्या २३ जून २०२० च्या टिपणानुसार आईच्या दुधात जिवंत विषाणू सापडलेला नव्हता.

धास्तीने दूध आटतं असं म्हणतात, ते अर्धंच खरं. यात दोन संप्रेरकं काम करतात: दूध तयार करतं प्रोलॅक्टिन, बाहेर सोडतं ऑक्सिटोसिन. ताणाने दुसरं अडतं, म्हणजे दूध असतं पण पान्हा फुटत नाही. खरं नुकसान पुढे होतं. ‘दूध नाही’ म्हणून डबा उघडला जातो, पोट भरलेलं बाळ ओढत नाही आणि ओढ नसल्याने दूध खरोखर कमी होतं. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५ ते ७ मिली मावतं, तेवढा चीक बहुतेक आयांना असतो.

बाधित आईसाठी काम सोपं होतं: तीन पदरी मास्क, साबणाने किमान ४० सेकंद हात धुणं आणि बाळ उघड्या छातीवर. छाती दर वेळी धुवायची नाही, तिच्यावर खोकला-शिंक उडाली असेल तरच. बाळाला मास्क कधीच नाही, श्वास कोंडतो. आई फारच आजारी असेल तर दिवसरात्र मिळून आठेक वेळा दूध पिळायचं. अंगठा आणि बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी बरगडीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. नुसतं स्तनाग्र ओढलं तर दुखतं आणि दूधही येत नाही. पाजायचं बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने. बाटलीची सवय लागलेलं बाळ पुढे छाती नाकारू शकतं.