तांदळाच्या दाण्याएवढी टाकी

"डोळ्यात सुई टोचण्यापेक्षा थेंब का देत नाहीत?" मावशी दर महिन्याला इंजेक्शनला जाताना हेच विचारते. तिच्या दृष्टिपटलाखाली, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली, नको तिथे रक्तवाहिन्या उगवल्यात. त्या पाझरतात आणि समोरच्या माणसाचा चेहराच पुसट होतो.

थेंब घातल्यावर काही वेळाने घशात कडू लागतं, हे आठवून बघा. औषध अश्रूंबरोबर नाकावाटे घशात उतरलेलं असतं. उरलेल्यातलं जेमतेम काही बुबुळ ओलांडतं, मागच्या पडद्यापर्यंत तर जवळजवळ काहीच जात नाही. मध किंवा कांद्याचा रस घालायचे जे सल्ले व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांनी पडदा सुधारणार नाही, बुबुळाला इजा मात्र होईल. कृपा करून घालू नका.

म्हणून इंजेक्शन. पण रॅनिबिझुमॅब हे त्यातलं औषध डोळ्यात साधारण दर नऊ दिवसांनी निम्मं होतं. महिनाअखेरीस दहावा हिस्सा उरतो, की पुन्हा सुई.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो. 'सुस्विमो' ही तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी टाकी डोळ्याच्या पांढऱ्या भागात शस्त्रक्रियेने बसवतात. तिच्यात हेच औषध मावतं फक्त 0.02 मिलिलिटर, पण घट्ट, म्हणजे 2 मिलिग्रॅम. ना पंप, ना बॅटरी. आतल्या टोकाला सच्छिद्र टायटॅनियमची चकती. तिच्या वेड्यावाकड्या भोकांतून रेणू धडपडत बाहेर येतात. आत दाटी जास्त, बाहेर कमी, एवढ्या फरकावर हे विसरण चालतं. भोकं किती आणि वाट किती लांब, यावर वेग ठरतो. टाकीतली दाटी कमी होत जाते तसा फरक घटतो, वेगही घटतो. म्हणजे बाहेर पडणारं औषध रोज सारखं नसतं, त्याचा आलेख घातांकी, म्हणजे उरलेल्या औषधाच्या प्रमाणात, उतरतो. फक्त हा उतार इतका संथ, की टाकी सहा महिने पुरते. मग वरच्या सिलिकॉनच्या पडद्यातून बारीक सुई घालून जुनं औषध काढतात, नवं भरतात.

अमेरिकेत 2021 मध्ये याला मंजुरी मिळाली, तेव्हा 'इंजेक्शनपासून सुटका' असा गाजावाजा झाला. सुटका नव्हे, सुया कमी. 2022 मध्ये काही टाक्यांतला तो सिलिकॉनचा पडदाच निसटू लागला, म्हणून कंपनीने उत्पादन मागे घेतलं. सुधारणा करून 2024 मध्ये ते परत आलं. मात्र डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण चाचण्यांत मासिक इंजेक्शनांच्या तिप्पट दिसलं होतं, आणि तो इशारा आजही औषधाच्या माहितीपत्रकात सगळ्यात वर चौकटीत छापलेला असतो. मावशीला मी टाकीचं चित्र दाखवलं, तेव्हा ती चौकटही वाचून दाखवली.