यीस्ट न घालता घरचा ब्रेड: दळणाच्या ग्राहकांसाठी माहिती

घरात यीस्ट नाही म्हणून ब्रेड अडून राहायला नको. खाण्याचा सोडा आणि आंबट दही एवढ्यावर तासाभरात ब्रेड भाजून होतो. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून घरोघरी असाच ब्रेड करतात. तिथला गहू मऊ, यीस्टच्या ब्रेडला फारसा न साजणारा, त्यामुळे सोडा त्यांच्या पथ्यावर पडला. मात्र पावाची अपेक्षा ठेवू नका. हा ब्रेड दाट आणि थोडा भुसभुशीत होतो. पातळ स्लाइस पाडल्या तर चुरा होतो, बोटभर जाड कापलात तर लोण्याबरोबर झकास लागतो.

यात फुगवायचं काम सोडा आणि आंबटपणा मिळून करतात. दोघे ओले झाले की लगेच वायू सुटू लागतो, पीठ मुरण्याची वाट बघत नाही. म्हणून दही पिठात ओतल्यापासून दहा मिनिटांत ब्रेड गरम भांड्यात गेलाच पाहिजे. भट्टी आधी तापवा, मग दह्याला हात लावा.

साहित्य (एक मध्यम गोल ब्रेड)
कणीक २५० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाऊण चमचा, मीठ १ चमचा, आंबट दही २५० ग्रॅम, पाणी साधारण १०० मिली. चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा, वर सपाट केलेला. मिसळणाच्या डब्यातला चमचा इथे चालत नाही. सोड्यात पाव चमच्याचा फरकही जिभेला कळतो. धुण्याचा सोडा वेगळा, तो खाण्यात घालायचा नाही.

दही कालचं, चांगलं आंबट हवं. गोडसर असेल तर त्यात २ चमचे लिंबाचा रस घाला. जेवणातलं पातळ ताक वापरू नका. त्यात आंबटपणा कमी आणि पाणी जास्त.

कृती
सोडा आधी चमच्याने रगडून गुठळ्या मोडा, मग मैदा आणि मिठाबरोबर दोनदा चाळा. गुठळी राहिली तर ब्रेडमध्ये तपकिरी कडू ठिपका येतो. कणीक वरून मिसळा, ती चाळून कोंडा टाकू नका. दही आणि पाणी एकत्र घुसळा. पिठात खळगा करून थोडं मागे ठेवून ओता आणि बोटं फाकवून गोल फिरवत पीठ गोळा करा. जात्यावरची किंवा गिरणीतली कणीक पाणी जास्त ओढते, तेव्हा मागे ठेवलेलं बहुधा लागतंच. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल, हाताला चिकटणारं हवं.

आणि इथेच थांबा. मळू नका! पोळीची सवय असलेला हात आपोआप मळायला लागतो. त्याने पिठाला ताण येतो, वायू निघून जातो आणि ब्रेड चिवट होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की पुरे.

कोरड्या पिठावर गोळा घेऊन साधारण १८ सेंमी रुंद, ४ सेंमी उंच थापा. वर सुरीने अधिकच्या चिन्हासारखी २ सेंमी खोल चीर द्या. ती शोभेची नाही, तिच्यामुळे मध्यापर्यंत आच पोचते.

ओटीजीत २०० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू ठेवून ३५ ते ४० मिनिटं भाजा. ओटीजी नसेल तर जाड बुडाच्या कढईत वाटीभर मीठ पसरा, त्यावर जाळी ठेवा, झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग ब्रेडची ताटली आत ठेवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. वरची बाजू फिकी राहते, म्हणून शेवटची दहा मिनिटं उलटा करा. नॉनस्टिक कढई अशी कोरडी तापवू नका.

बुडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला. तासभर थांबून कापा, गरम कापला तर आतून कच्चट लागतो.

बिघडलं तर
पिवळसर रंग आणि साबणासारखी चव: सोडा जास्त किंवा दही कमी आंबट. बूड करपलं, मध्य कच्चा: आच मोठी किंवा गोळा फार उंच. दगडासारखा जड: पीठ घट्ट, मळलं गेलं, किंवा ओलं करून तसंच ठेवलं.

तव्यावरचा झटपट कुलचा
मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर १ चमचा, सोडा पाव चमचा, मीठ अर्धा चमचा, दही १०० ग्रॅम, तेल ३ चमचे, लागेल तसं पाणी. हा लाटायचा असल्याने थोडा मळायला हरकत नाही. अर्धा तास झाकून ठेवा, ५ मिमी जाड लाटा, एका बाजूला पाणी लावून ती बाजू तव्यावर टाका आणि मिनिटभर झाकण ठेवा. बेकिंग पावडर दमट हवेत मरते. कढत पाण्यात अर्धा चमचा टाकून जोरात फसफसली तरच वापरा.

पीठ कोणतं घ्यावं
खपली गव्हातलं ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) नाजूक असतं, म्हणून ती यीस्टच्या ब्रेडला त्रास देते. इथे मात्र छान जमते. पाणी थोडं कमी घाला. ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांना खपलीही चालत नाही. ज्वारी किंवा नाचणी एकूण पिठाच्या चौथ्या हिश्शापर्यंत घाला, त्यापुढे ब्रेड फुटतो. यीस्ट वर्ज्य असलेल्यांनी आंबवणाचा ब्रेड ‘बिनयीस्टचा’ समजू नये. त्यात हवेतलं, पिठातलं यीस्ट असतंच. गोव्यात पूर्वी पावाचं पीठ माडाच्या सुरेने फुगवत, तेही यीस्टच.

दळण घरी नेल्यावर डबा लगेच बंद करू नका, गरम पिठाची वाफ आत धरते आणि गुठळ्या होतात. या ब्रेडला जरा जाडसर कणीक बरी. तशी हवी असेल तर दळण टाकतानाच सांगा, गहू एकदा जात्यात गेला की बदल करता येत नाही.